माझी सुटलेली दारू

राजाजीनगरच्या आमच्या घरी, बाहेरच्या खोलीत, कुलस्वामिनीच्या तसबिरीच्या डाव्या हाताला अमेरिकेचं एक प्रमाणपत्र टांगलेलं आहे. सोनेरी शिक्का, खाली दोघांच्या सह्या, आणि मधोमध वळणदार अक्षरांत लिहिलेलं, की श्री. मानसिंगराव यांनी सलग एकशे ऐंशी दिवस दारूला स्पर्श केलेला नाही, याचा संस्थेला अभिमान वाटतो. यात खोटं काहीच नाही. मी एकशे ऐंशी दिवस दारूला स्पर्श केला नव्हता. त्याआधीची छप्पन्न वर्षंही केला नव्हता. पण तेवढं लिहायला कागदावर जागा नसावी.

मी थापाड्या आहे अशी माझी ख्याती आहे, आणि ती मी कष्टाने मिळवलेली आहे. कब्बन पार्कात मी वाघाला वाट विचारली होती, हे आमच्या गल्लीतली लहान मुलं अजून सांगतात. पण ही हकिकत खरी आहे. हिच्यात थाप आहे, नाही असं नाही. ती एका फॉर्मात आहे, आणि तिची शिक्षा मी रोज भोगतो.

गुंडो माझा बालमित्र. आमची दोघांची घराणी शहाजीराजांबरोबर बेंगळूरला आली, असं दोन्ही घरांत सांगतात. आमच्या घरात पुढे असंही सांगतात, की गुंडोचे पूर्वज आमच्या पूर्वजांचं सामान धरून चालत होते. तीस वर्षं आम्ही एकाच कारखान्यात काढली. मी स्टोअरमध्ये, तो टूल रूममध्ये. लोखंडावरून बोट फिरवून केसाएवढा फरक सांगायचा. अठ्ठ्याण्णव साली दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली (तिच्यातली इच्छा नेमकी कुणाची, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही), आणि दोन महिन्यांनी गुंडोची बायको तुळजाक्का तीन दिवसांच्या तापात गेली. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून गुंडो घराबाहेर पडेना. दिवसभर खिडक्या बंद. संध्याकाळी सहा वाजले की ब्रँडी. तिला तो खोकल्याचं औषध म्हणायचा. त्याचा खोकला मात्र कुणी ऐकला नव्हता.

एकदा सकाळी मी गेलो, तर तो स्वयंपाकघरात दोन पेले कॉफी करत होता. मला वाटलं, एक माझा. त्याने एक स्वतः घेतला. दुसरा ओट्यावर ठेवला, निवेपर्यंत त्याच्याकडे बघत बसला, आणि मग मोरीत ओतला. मी दारात उभा आहे हे त्याला कळलंही नाही. मी आल्या पावली परत फिरलो. डॉक्टरकडे चल म्हणून मी आधी दहादा सांगितलं होतं. त्याचं उत्तर एकच, "मला वेड लागलंय का?" हा असाच गेला तर वर्षभरात मला खांदा द्यावा लागेल, एवढं मला दिसत होतं.

अशा वेळी आमचे शेजारी भीमाचार्य वर्तमानपत्राचं एक कात्रण घेऊन आले. भीमाचार्य ट्रेझरीतून निवृत्त झालेले. देवानंतर त्यांची श्रद्धा छापील फॉर्मावर. कात्रणात लिहिलं होतं, की अमेरिकेत एक संस्था आहे. ती व्यसन, नैराश्य आणि आयुष्यातले मोठे बदल या तिन्हींवर इंटरनेटवरून सल्ला देते. कुठे जायला नको, कुणाला तोंड दाखवायला नको.

"कुणाला कळणार नाही, मानाण्णा," भीमाचार्य म्हणाले. "सगळं गुप्त."

हे गुप्त काम करायला आम्ही नागनाथच्या दुकानात गेलो.

नागनाथचा एसटीडी बूथ. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांनी नागनाथचा नंबर पी. पी. म्हणून द्यायचा, फोन आला की नागनाथने गल्लीत येऊन हाक मारायची, ही वीस वर्षांची पद्धत. "लक्कम्माऽ, मुलगी झालीऽ" हे नागनाथने गेटावरून ओरडून सांगितल्याशिवाय आमच्याकडे कुणी जन्माला आल्यासारखं वाटत नसे. त्या वर्षी त्याने संगणक आणला होता. एक संगणक, एक लाइन, आणि सगळ्या गल्लीला मिळून एकच ई-मेल पत्ता. लाइन लागायला असा वेळ लागे, की एकदा तो बटण दाबून मल्लेश्वरमला लग्न जेवून आला, आहेर देऊन आला, तरी ते यंत्र घशात अडकल्यासारखं कुंईकुंई करतच होतं.

"स्वल्प थांबा अण्णा, लागेल," नागनाथ म्हणाला. लागली.

फॉर्म चौसष्ट प्रश्नांचा. पहिलाच प्रश्न, हा फॉर्म आपण स्वतःसाठी भरत आहात का? मी प्रामाणिकपणे "नाही" दाबलं. यंत्राने आभार मानले आणि बाहेर काढलं. पुन्हा आत गेलो, पुन्हा "नाही", पुन्हा आभार. तिसऱ्यांदा मी "हो" दाबलं. माणसाचा अधःपात किती सहज होतो बघा. एक बटण.

मग मी गुंडो झालो. वय छप्पन्न, विधुर, काम सुटलेलं. भीमाचार्य मागे उभे राहून मदत करत होते.

"आयुष्य निरर्थक वाटतं का, याला नेव्हर लिहू नका," ते म्हणाले. "नेव्हर लिहिलं की सरकार खोलात जातं. सम्टाइम्स लिहा."

"अहो, हे सरकार नाही."

"फॉर्म आहे ना? मग सरकारच."

अठ्ठावन्नाव्या प्रश्नाला लाइन तुटली. पहिल्यापासून सुरुवात. दुसऱ्यांदा वीज गेली. तिसऱ्या खेपेला मी दमून काहीही लिहीत होतो. त्यातच प्रश्न आला, रोज किती पिता? आता मला यातलं काय कळणार? गुंडोच्या घरी मी बाटली पाहिलेली, ती किती भरते ते माहीत नाही. मी आमच्या स्वयंपाकघराच्या मापाने लिहिलं, एक तांब्या, कधी दोन. शेवटी "आणखी काही सांगायचं आहे का?" असं विचारून खाली मोकळी जागा ठेवली होती. तिथे माझं इंग्रजी संपलं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लागलो आणि दोन पेले कॉफीची गोष्ट जशीच्या तशी लिहून टाकली. मग बटण दाबलं आणि घरी येऊन विसरलो.

आठवडा गेला. जानेवारीचे दिवस. माझी बायको सोयराबाई पायरीवर बसून भिजवलेल्या अवऱ्याचे, म्हणजे पावट्याचे, दाणे चिमटीत दाबून सोलत होती. समोरच्या बायकाही सोलत होत्या. गल्लीत टपटप आवाज चालला होता. इतक्यात गेटापाशी नागनाथ आला, हातात छापलेला कागद. पी. पी.चा निरोप जसा द्यायचा तसाच त्याने दिला, म्हणजे सगळ्या क्रॉसला, आमच्या अख्ख्या गल्लीला, ऐकू जाईल असा.

"मानाण्णाऽ! अमेरिकेहून मेल आलंयऽ! तुमची बायको वारली म्हणून त्यांना फार दुःख झालंयऽ! आणि रोज दोन तांबे दारू एकदम सोडू नका म्हणतातऽ, डॉक्टरला दाखवून हळूहळू सोडा म्हणतातऽ!"

टपटप थांबली.

सोयराबाईच्या चिमटीतला दाणा उडून नागनाथच्या कपाळावर लागला. तिने हात पदराला पुसले, कागद घेतला, आत आली आणि दार लावलं.

"मला कशानं मारलंत?" तिने विचारलं.

"ते फॉर्ममध्ये विचारलं नव्हतं."

"आणि दोन तांबे? अहो, ताकाचा दुसरा पेला घेतला तर तुम्हाला सर्दी होते."

मग मी तिला सगळं सांगितलं. खिडक्या, ब्रँडी, फॉर्म आणि शेवटी तो मोरीत ओतलेला पेला. तुळजाक्का तिची मैत्रीण होती.

"बाहेर जाऊन खरं सांगून टाकू का?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "गुंडोभावजींचं नाव गल्लीत असं निघालं तर ते दाराला आतून कुलूप घालतील. राहू द्या तुमच्यावरच. मीपण मेलेलीच राहते थोडे दिवस. स्वयंपाक तेवढा करते."

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. दूधवाला माझ्यासमोर हळू बोलायला लागला. समोरच्या पोरीने मला रस्ता ओलांडून दिला. कहर म्हणजे आमच्या गणपतीच्या देवळात तीर्थ वाटायचं काम एकोणीस वर्षं माझ्याकडे होतं. मंडळाने ते काढून घेतलं. भरलेलं पातेलं माझ्या ताब्यात देणं बरं दिसत नाही, म्हणाले. मी पातेलं खाली ठेवून घरी आलो. भीमाचार्यांना सगळं माहीत होतं, पण त्यांनीही एकांतात विचारलं, "मानाण्णा, खरोखर काही नाही ना? फॉर्मवर सही करून माणूस सहसा खोटं बोलत नाही."

पाचव्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात गुंडो. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. पाच महिन्यांत तो पहिल्यांदा घराबाहेर पडला होता, आणि तो मला सुधारायला!

"भाजीवाल्यानं सांगितलं," तो गरजला. "मान्या, तुला लाज नाही वाटत? घरात लक्ष्मीसारखी बायको, आणि तिला मेली म्हणून सांगतोस? कधीपासून पितोस?"

"झाले की बरेच दिवस."

"तोंड उघड." त्याने वास घेतला. "काही वास नाही."

"वेलदोडा खातो."

"दोन तांब्यांवर वेलदोडा? म्हैस आहेस काय रे? कागद कुठाय तो?"

मी द्यायला नको होता. पण गुंडोच्या आवाजात कित्येक महिन्यांनी टूल रूमचा आवाज आला होता, त्यापुढे माझं काही चालेना. त्याने चष्मा लावला, उभ्या उभ्या वाचायला लागला. सल्ला देणारी कुणी मुग्धा नावाची बाई होती. संस्थेने माझं मराठी बघून मराठी बाई शोधली होती. खाली तिने एक प्रश्न विचारला होता, तो नागनाथने गल्लीत वाचला नव्हता. "तुम्ही लिहिलंय की रोज सकाळी दोन पेले कॉफी करता. दुसरा पेला ओतून देण्याआधी तुम्ही काही बोलता का?"

गुंडो त्या ओळीवर थांबला. बोट ठेवून थांबला, लोखंडावर ठेवायचा तसं. मग कागदाची चौपदरी घडी करून त्याने आपल्या खिशात घातली.

"उद्यापासून संध्याकाळी सहाला येतो," तो म्हणाला. "तुझ्यावर लक्ष ठेवायला. तुला एकट्याला सोडण्यात अर्थ नाही."

सहा म्हणजे खोकल्याच्या औषधाची वेळ. मला वाटलं, काय हुशार आहे मी, याला काहीच कळलं नाही. तो रोज आला. आठापर्यंत बसायचा, माझ्या तोंडाचा वास घ्यायचा, सोयराबाईच्या हातची भाकरी खाऊन जायचा. पहिले काही दिवस मला त्याच्याच तोंडाला वास यायचा, पण माझ्यासारख्या बदनाम माणसाला ते काढायची सोय नव्हती. कागदावर लिहिलं होतं तसं मी त्याला डॉक्टरकडेही नेलं. म्हणजे त्याने मला नेलं. चिठ्ठी देणाऱ्याने विचारलं, "पेशंट कोण?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"सरी, ठीक आहे, दोघंही बसा," तो म्हणाला.

मग गुंडो म्हणाला, मेलला उत्तर मी टाइप करीन, तुझे हात थरथरत असतील. माझे हात थरथरत नव्हते, पण मी थरथरवले. नागनाथच्या दुकानात तो एका बोटाने, मोजूनमापून टाइप करायचा आणि मला बाहेर बाकावर बसवायचा. नागनाथला त्याने पहिल्याच दिवशी दम दिला होता, यापुढे मेल पाकिटात घालून हातात द्यायचं. नागनाथला हे फार लागलं. एवढी सोय फुकट देत असताना लोकांना ती नको, याचं त्याला आश्चर्य वाटलं.

फेब्रुवारीच्या शेवटी एका रविवारी सकाळी पुन्हा दार वाजलं. दारात पंजाबी ड्रेस घातलेली तिशीची मुलगी, हातात फाइल. सोयराबाईने दार उघडलं.

"नमस्कार. मी मुग्धा. मानसिंगराव इथेच राहतात ना? आपण?"

"मी त्यांची कैलासवासी पत्नी," सोयराबाई म्हणाली. "या, आत या. उपीट खाणार ना?"

मुग्धा पुण्याची. नवरा महादेवपुऱ्याच्या संगणकाच्या कंपनीत, ती घरी बसून अमेरिकन संस्थेसाठी पत्रं लिहायची. म्हणजे राजाजीनगरहून निघालेलं आमचं पत्र सात समुद्र ओलांडून अमेरिकेला जाई, आणि तिथून परत फिरून दोन बस पलीकडच्या महादेवपुऱ्याला येई. तरी ते बसच्या आधी पोचायचं, हे मान्य करायला पाहिजे.

"अॅक्च्युअली काका, क्लायंटला भेटणं रूल्समध्ये बसत नाही," ती माझ्याकडे निरखून बघत म्हणाली. बहुधा मी शुद्धीवर कसा, याचं तिला नवल वाटत असावं. "पण दोन तांबे वाचल्यापासून मला झोप नाही. पत्ता फॉर्ममध्ये होता. म्हटलं, जाऊन बघून यावं. आणि एक गोष्ट मला समजेना. तुमचा फॉर्म केवढा मोठा, काय काय लिहिलेलं. नंतरची पत्रं चार-चार ओळींची. हे दोन माणसांचं लिहिणं आहे. त्या चार ओळी कोण लिहितं?"

गुंडो खिडकीजवळ बसला होता, रविवारचा पहारा करायला सकाळीच आलेला. मी घसा खाकरून एक चांगली थाप जुळवायला घेतली. मधल्या काळात मला हुशारी आली होती वगैरे. पण गुंडो उठून उभा राहिला.

"मी," तो म्हणाला. "दोन तांबे हे याचं. याने आयुष्यात ताकापलीकडे काही प्यायलेलं नाही, तोंडाला कधी वास आला नाही. माझी रोज एक क्वार्टर होती. कधी दीड. आता अठरा दिवस काही नाही." जरा थांबला. "आणि तुम्ही विचारलं होतं, पेल्याशी बोलतो का. ते अजून लिहिलं नव्हतं. बोलतो. साखर बघ म्हणतो. ती रोज मला विचारायची, साखर बघा. आता मी विचारतो."

मी जुळवत आणलेली थाप तशीच सोडून दिली. म्हणजे याला पहिल्याच दिवशी, तो कागद वाचला तेव्हाच कळलं होतं. आणि माझं नाटक हा सव्वा महिना माझ्या तोंडाचा वास घेत निभावून नेत होता. ज्याची सगळी हयात गोष्टी रचण्यात गेली, त्याला असं गुंडाळायचं! माझा एवढा अपमान देवळातल्या मंडळानेही केला नव्हता.

सोयराबाई आत गेली आणि चार पेले कॉफी घेऊन आली. पहिला तिने गुंडोसमोर ठेवला.

"भावजी," ती म्हणाली, "साखर बघा."

त्याने एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला. मग म्हणाला, "स्वल्प कमी आहे."

"आणते," म्हणून ती उठली, आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली. साखर आणायला विसरली.

आता फक्त नाव बदलायचं राहिलं. मुग्धाने अमेरिकेला कळवलं, की क्लायंट मानसिंगराव नसून गुंडोराव आहेत. संस्थेचं उत्तर आलं, की नोंदीतलं नाव क्लायंट बरा झाल्याशिवाय किंवा मेल्याशिवाय बदलता येत नाही. भीमाचार्यांना या उत्तराने दहा वर्षांनी तरुण केलं. त्यांनी अकरा अर्ज लिहिले, प्रत्येकाला आधीच्या अर्जाचा संदर्भ देऊन. अमेरिकेने अकराही अर्जांना आभार मानणारी एकच ओळ पाठवली. "आपल्या ट्रेझरीच्या तोडीची संस्था आहे," भीमाचार्य आदराने म्हणाले, आणि त्यांनी हात टेकले.

तेव्हा गुंडोचा इलाज माझ्याच नावावर चालू राहिला. उगादीला, म्हणजे पाडव्याला, तो घसरला. सणाचा दिवस, घरात एकटा, घसरला. दुसऱ्या दिवशी सहाला आला आणि दारातच म्हणाला, "मान्या, तू काल प्यायलास."

"बरं," मी म्हणालो. "मग आज पुन्हा एकपासून मोजू."

मुग्धानेही तेच लिहिलं, फक्त जरा लांब. त्या एकपासून मोजत मोजत सप्टेंबरात एकशे ऐंशी भरले आणि सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र आलं. माझ्या नावाने. गुंडोने त्याला स्वतः चौकट केली, आणि पाणसळ लावून, केसाचाही फरक न ठेवता ती आमच्या भिंतीवर टांगली. मधल्या काळात, परगावी नोकरीला असलेल्या आमच्या मुलाच्या सोयरिकीसाठी दोनदा माणसं आली. दोन्ही वेळा त्यांनी आधी भिंत वाचली, मग मला वाचलं, आणि उपीट न संपवता गेली. तीर्थाचं पातेलं तर अजून मला मिळालेलं नाही. मी सोयराबाईला म्हटलं, निदान पाहुणे येतात तेव्हा तरी ते काढून ठेवू. ती म्हणाली, हात लावायचा नाही.

दसऱ्याच्या सफाईला ती देवळात गेलेली असताना मी हात लावला. धूळ पुसायला म्हणून चौकट उतरवली आणि पालथी केली. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या. पोलादी पट्टीवर असतात तशा, अगदी सारख्या अंतरावर. प्रत्येक पाचवी रेघ जरा मोठी, दहावी तिच्याहून मोठी. रोजची एक. मी मोजायला लागलो. दोनशेच्या पुढे गेलो आणि फाटक वाजलं. सहा वाजले होते.

मी घाईघाईने चौकट टांगली. गुंडो आला, कानावर पेन्सिल. भिंतीकडे बघून थांबला.

"वाकडी आहे. कुणी हात लावला?"

"वाऱ्याने."

"बेंगळूरला एवढा वारा?"

"काय सांगू तुला, दुपारी असा सुटला होता, की भीमाचार्यांचं धोतर यशवंतपूर स्टेशनात सापडलं."

गुंडो हसला. मी त्याला म्हटलं, बस, चष्मा कुठे ठेवलाय बघून येतो. आत गेलो आणि स्वयंपाकघरात उभा राहून हळूहळू शंभर मोजले. बाहेर चौकट भिंतीला टेकल्याचा बारीक आवाज आला, मग मी परत गेलो.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला मी चष्मा शोधायला आत जातो. चष्मा माझ्या नाकावर असतो.